पिओनीखालची बरणी

"कौनासची बरणी पाहिलीत का?" लिथुआनियात, विल्नियसमध्ये एका बाईंनी सहज विचारलं आणि माझा आखलेला कार्यक्रम तिथेच मोडला. कौनासला किल्ला, नद्यांचा संगम, सैतानांचं संग्रहालय चालता चालता उरकलं. 1931 सालच्या फ्युनिक्युलरनं टेकडी चढून पेर्कूनो रस्ता गाठला.

ती बरणी पुरणाऱ्या दालिया ग्रिंकेविच्यूतेचं घर इथलं. 14 जून 1941 रोजी सोव्हिएत पोलिसांनी या कुटुंबाला उचललं, तेव्हा ती 14 वर्षांची होती. वडिलांना वेगळं काढलं. ते उरलच्या छावणीत मेले. आई, भाऊ आणि ती आधी अल्ताईत. 1942 मध्ये त्यांना लाप्तेव समुद्राजवळ, लेना नदीच्या मुखावरच्या त्रोफिमोव्स्क बेटावर नेऊन टाकलं. मासळी सरकारची, ती पकडणाऱ्यांनी उपाशी मरायचं. आजारी आईला ऊब मिळावी म्हणून दालियानं फळ्या चोरल्या. खटल्यात बाकीचे नाकबूल झाले, हिनं कबूल केलं आणि हीच सुटली!

1949 मध्ये ती आईला घेऊन पळाली. आईला मायदेशात मरायचं होतं. 1950 मध्ये आई गेली, पण फरारी बाईची अंत्ययात्रा कशी काढणार? लेकीनं तळघरात खड्डा खणून तिला पुरलं. सैबेरियाच्या आठवणी सुट्या कागदांवर लिहून काचेच्या बरणीत घातल्या, बरणी बागेत पुरली. मग अटक. सुटून आल्यावर बरणी काही सापडेना, म्हणून सत्तरच्या दशकात तिनं सगळं पुन्हा लिहून काढलं.

बरणी पुढे मिळालीच, म्हणून आता लेखनं दोन. इतिहास शिकवणाऱ्या एका गृहस्थांशी इथेच माझं वाजलं. त्यांच्या मते दुसरं लेखन नेमकं, म्हणून पुरावा तेच. पहिलं म्हणजे बाविशीतल्या मुलीची कादंबरी. मला ते पटेना. पहिल्यात ती भुकेनं हावरी होते, चिडते, मेलेल्यांवरून नजर काढून घेते. साक्ष आणखी कशी असते?

"बरणीचं कौतुक सगळ्यांना," ते तडकून म्हणाले, "लाउकुवा कुणाला आठवतं?" हे मात्र खरं. पुढे ती डॉक्टर झाली, लाउकुवा गावात रुग्ण तपासू लागली. 1974 मध्ये तिला तिथूनही काढलं. एका शिक्षिका मैत्रिणीनं आसरा दिला.

25 डिसेंबर 1987 ला दालिया गेली. पुढच्याच वर्षी तिचं दुसरं लेखन लिथुआनियात छापलं गेलं. बरणी 1991 मध्ये पिओनीचं झुडूप हलवताना मिळाली. पहिलं लेखन आता इंग्रजीत 'शॅडोज ऑन द टुंड्रा' नावानं मिळतं. आधी ते वाचा, मग कौनासला जा. किल्ला राहिला तरी चालेल.