ओलीचा माग

पाण्याला उतार कळतो, आणि उताराहूनही फट अधिक कळते. जुन्या छोट्या कॅम्पर ट्रेलरच्या छपरावर पडलेला थेंब झरोक्याच्या कडेशी आत शिरतो, अस्तराच्या फोममागून सरकत सरकत कपाटापर्यंत जातो आणि शेवटी उतरतो तो गादीच्या कोपऱ्यात. गादी ओली म्हणून शेजारच्या खिडकीवर संशय घ्यावा, तर खिडकी ठणठणीत कोरडी. कोकणातल्या कौलारू घरात ज्यांनी पावसाळे काढले त्यांना हे सांगायला नको. फुटकं कौल एकीकडे, आणि वाशावरून ओघळून पाणी टपकतं भलतीकडेच. इथे कॅनडात, विनिपेगच्या आमच्या अंगणात, माझ्या कामी आलं ते हेच लहानपणीचं ज्ञान.

विनिपेग ही या अंडाकृती ट्रेलरांची जन्मभूमी. १९६८ साली रे ओलेको यांनी इथे ‘बोलर’ घडवला. लांबी १३ फूट, फायबरग्लासची दोन कवचं, एक वरचं आणि एक खालचं, कमरेशी सांधलेली. साधी मोटार सहज ओढून नेईल इतका हलका. ओलेकोंनी त्याआधी फायबरग्लासच्या सेप्टिक टँकवर काम केलं होतं. पाणी आत धरून ठेवणाऱ्या टाकीच्या विद्येतून पाणी बाहेर ठेवणारं घर निघालं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. आमचा ट्रेलर त्याच वंशातला, वयाने पन्नाशीच्या आसपासचा.

हे कवच कुजत नाही, गंजत नाही. लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकलेल्या ट्रेलरांत पाणी आतल्या आत लाकूड खाऊन टाकतं आणि पत्रा वरून चकचकीतच राहतो. फायबरग्लासमध्ये पाणी शिरतं ते जिथे माणसाने भोक पाडलंय तिथूनच. खिडक्या, दार, छपरावरचा १४ इंची चौकोनी झरोका, बाहेरचे छोटे दिवे आणि रिव्हेट. रिव्हेट फार. आतली कपाटं कवचातून आरपार रिव्हेट मारून टांगलेली असतात. वर्षानुवर्षं रस्त्याचे हादरे खाऊन ती सैल होतात आणि त्यांवरच्या प्लास्टिकच्या टोप्या उन्हाने तडकतात. त्यात इथली थंडी. फटीत राहिलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि फट जरा रुंद करून जातं. एप्रिलमध्ये बर्फ वितळलं की हिवाळ्याने काय काय केलं ते दिसू लागतं.

शोध सुरू करण्यापूर्वी एक खात्री करावी : ही गळती आहे की नुसता दमट श्वास? दोन माणसं रात्रभर बंद ट्रेलरमध्ये झोपली, त्यात गॅसवर चहा झाला, की थंड काचेवर पाणी धरतं आणि ओघळून गादीत मुरतं. आभाळ कोरडं असतानाही सकाळी ओल दिसली, तर झरोका जरासा उघडा ठेवून झोपावं. सीलंटची नळी विकत घेण्याची गरज नाही.

खरी गळती दोघांनी मिळून शोधावी. मी बाहेर नळी धरतो, बायको आत टॉर्च घेऊन बसते. पाणी खालून सुरू करायचं आणि धिम्या धारेने एकेक वीत वर न्यायचं. थेट छपरावर ओतलं तर सगळीकडूनच ओघळ येतात आणि कळत काहीच नाही. जोराचा फवारा तर मुळीच नको. पाऊस जिथे कधी पोचला नसता तिथेही तो पाणी घुसवतो.

“काही दिसतंय का गं?”

“अजून नाही. तू हळू घे.” मग बराच वेळ शांतता. “थांब, थांब! आलं. वरच्या कपाटाच्या मागे, दुसऱ्या रिव्हेटच्या बुडाशी.”

तिथे खडूची खूण करायची आणि पुढे सरकायचं, कारण गळती एकटी क्वचितच असते. सरकत्या खिडक्यांच्या खालच्या खोबणीत बारीक भोकं असतात, आत आलेलं पाणी बाहेर सोडण्यासाठी. आमच्या एका खिडकीची भोकं पाइनच्या सुया आणि मातीने गच्च बुजलेली होती. खोबण भरून पाणी आत सांडत होतं. टाचणीने ती मोकळी केली, आणि त्या खिडकीची दुरुस्ती तेवढ्यावर संपली.

आधीच्या मालकांनी फासलेलं सिलिकॉन पाहिलं की मात्र मला मनापासून वाईट वाटतं. गळतंय, फासा, पुन्हा गळतंय, त्यावर आणखी फासा. जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉनसुद्धा धड चिकटत नाही. झरोका पूर्ण सोडवून बाहेर काढावा, कडा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडाव्यात, स्पिरिटने पुसाव्यात आणि मग ब्यूटाइल टेप लावून तो पुन्हा बसवावा. करड्या रंगाची ही चिकट पट्टी वर्षानुवर्षं मऊ राहते, हादऱ्यांबरोबर हलते. स्क्रू एकदम आवळू नयेत. समोरासमोरचे थोडे थोडे पिळावेत, दोन-तीन उन्हं खाऊ द्यावीत आणि पुन्हा पिळावेत. कडेने जास्तीची टेप हळूहळू बाहेर येते, ती कापून काढावी.

शोधाला उशीर झाला असेल, तर तळाचं प्लायवूड तपासावं. बाकाखाली आणि दाराच्या उंबऱ्याशी टोच्या रुतवून पाहावा. टोक आत गेलं, तर तेवढं लाकूड कापून बदलावं लागणार. पण हे काम सगळ्यात शेवटी. दोन दमदार पाऊस पडून आत कोरडं राहिल्याशिवाय नवं प्लायवूड बसवू नये. तोवर बाकं उघडी ठेवावीत आणि आत पंखा चालू ठेवावा.