सॉफ्टवेअर आहे तसंच ठेवा

रिमॅप केलेल्या गाड्यांबद्दलचं माझं मत सायखेड्यात सगळ्यांना पाठ होतं. माझं गॅरेज चालतं ते ट्रॅक्टर आणि पिकअपवर. पण अलीकडे द्राक्षवाल्यांच्या पोरांच्या टर्बो पेट्रोल गाड्याही दारात उभ्या राहतात. त्यातली एखादी बाहेरून ट्यून करून आणलेली निघाली आणि ‘भाऊ, तिसऱ्या गिअरला एक्सलेटर दाबला की झटके मारते’ असं पोरगा म्हणाला, की माझं उत्तर ठरलेलं असे : आधी कंपनीचं सॉफ्टवेअर परत टाकून आण, मग बोनेट उघडू.

सॉफ्टवेअर परत टाकलं की बहुतेक वेळा झटके थांबत. म्हणजे दोष ट्यूनचा, इतकं सरळ. पोरगा गप्प, त्याचा बाप खूश, मी मोकळा.

आता त्याच पोरांना मी म्हणतो, सॉफ्टवेअरला हात लावू नका, गाडी आहे तशी आणा.

निमित्त झालं ते अशाच एका गाडीचं. कंपनीच्या सॉफ्टवेअरवर आणल्यावर ती लोण्यासारखी चालली आणि काही महिन्यांनी, ट्यूनचा मागमूस नसताना, पुन्हा तसेच झटके मारू लागली. प्लग काढले. इलेक्ट्रोड झिजून गॅप चांगलीच वाढलेली. प्लग तेव्हाही थकलेलेच असणार. कंपनीच्या सॉफ्टवेअरवर बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, कमी झाल्यामुळे ते झाकलं गेलं होतं.

सिलिंडरमधला दाब जितका जास्त, तितकं ठिणगीला गॅप ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. मूळ बूस्टवर कॉइल कशीबशी निभावून नेते; ट्यूनमुळे दाब वाढला की नेमकी भर टॉर्कच्या वेळी ठिणगी पडत नाही आणि गाडी मिसिंग करते. म्हणून तर ट्यून करणारे जाणकार ०.८ मिलिमीटरची गॅप ०.६ च्या आसपास आणतात. इंटरकूलरच्या होजचंही तसंच. ठिबकची नळी कमी दाबावर कोरडी दिसते आणि मोटर पूर्ण सोडली की सांध्यातून फवारा उडतो, तशी होजची चीर जास्त बूस्टलाच उघडते. टाकीतला पेट्रोलचा पंप थकला असेल, तर तोही इंजिनाची मागणी वाढेपर्यंत वेळ मारून नेतो. या तिन्ही बिघाडांना भार लागतो. तो भारच काढून घ्यायचा आणि मग झटके थांबले म्हणून ट्यूनकडे बोट दाखवायचं, हा कसला तपास?

आता मी स्कॅनर लावून दोन आकडे शेजारी शेजारी बघतो : संगणकाने मागितलेलं बूस्ट आणि प्रत्यक्ष मिळालेलं बूस्ट. मागणी कायम आहे आणि मिळणारा दाब खाली पडतोय, तर होज, क्लिपा, वेस्टगेट तपासायचे. दोन्ही आकडे हातात हात घालून चाललेत आणि तरी झटका बसतोय, तर प्लग, कॉइल आणि पेट्रोलचा दाब बघायचा. मागणीच मध्ये गचके खात असेल, थ्रॉटल आपोआप मिटत असेल, तर मात्र संशय ट्यूनवर. तसंही होतं, नाही असं नाही. पण तो निकाल शेवटी द्यायचा. आणि आरपीएम चढतोय पण गाडी पळत नाही, ही क्लच घसरल्याची खूण. लोक त्यालाही ‘अडकते’च म्हणतात.

सेन्सर खरं बोलतोय का, हे गाडी सुरू करण्याआधीच कळतं. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली की दाब ९५० मिलिबारच्या आसपास दिसायला हवा. तिथेच आकडा भलता आला, तर पुढची सगळी नोंद कुचकामी.

चाचणी सायखेड्यात होत नाही. कांद्याच्या हंगामात बाजाराकडे ट्रॅक्टरांची रांग असते आणि गोदावरीचा पूल ओलांडून चांदोरीच्या हमरस्त्यावर गेलं, तरी भरधाव पळवून बघणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून मी सिन्नरच्या वाटेवरचा मोहदरी घाट धरतो. चढाला वेग आटोक्यात राहतो आणि इंजिनाचा पुरता कस लागतो. गाडी मालक चालवतो, मी शेजारी स्कॅनर घेऊन.

आणखी एक गुंता हल्लीचा. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला जळायला १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साधारण १३.५, म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन जास्त सोडावं लागतं. जुन्या ट्यूनमध्ये ही तजवीज नसेल, तर संगणक दुरुस्ती करत राहतो. ती करता करता त्याची मर्यादा संपली, की मिश्रण पातळ पडतं. इथे ट्यूनला दोष द्यायचा की पेट्रोलला, यावर माझं मत अजून बनलेलं नाही.

रिमॅप करा असा सल्ला मात्र मी आजही कुणाला देत नाही. वॉरंटी जाते, क्लच आणि गिअरबॉक्सवर ताण येतो आणि ब्रेक जुनेच राहतात. पण गाडी ट्यून केलेली आहे म्हणून परत पाठवणं बंद केलंय. सकाळचा वेळ द्यावा लागेल आणि घाटाचं पेट्रोल मालकाचं, एवढं आधीच सांगून ठेवतो.