अब्बांचे हुनर

आम्ही येरवड्यात उर्दू माध्यमाच्या वर्गांना शिकवतो. वडिलांचा धंदा विचारला की पिंजाऱ्याचा, कुकर-मिक्सर दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा मान खाली घालतो. ‘अब्बा काम पे जाते’, एवढेच सांगतो.

२००९ साली अ‍ॅमस्टरडॅमला शेजाऱ्यांनी एकत्र बसून मोडक्या वस्तू दुरुस्त करण्याचा ‘रिपेअर कॅफे’ सुरू झाला. जगभर त्याचे कौतुक झाले. आमच्या मोहल्ल्यांत हेच काम पिढ्यान्‌पिढ्या चालते. त्याला इज्जत नाही.

पुण्यात १९९३ साली कचरावेचकांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभारली. पुढे त्यांच्या ओळखपत्रांना महापालिकेची मान्यता मिळाली. आमचे कारागीर मात्र विखुरलेलेच आहेत.

महिन्यातून एक दिवस मोहल्ल्यातच दुरुस्तीची बैठक भरवू या. सर्व जातिधर्मांच्या शेजाऱ्यांनी यावे. अब्बांना लोक ‘उस्ताद’ म्हणतात, हे मुलांनी एकदा तरी ऐकावे.