अर्धा मिलिमीटर

माझ्या अक्षराला शाळेत कधी कुणी चांगले म्हटले नाही. रेघ मात्र मी पहिल्यापासून सरळ मारीत असे. एवढ्या एकाच गुणावर १९७८ साली मला नगररचनेच्या कचेरीत आरेखकाची नोकरी लागली. धड शहर नाही आणि धड खेडेही नाही अशा एका भल्यामोठ्या मुलखाची प्रादेशिक योजना तयार करण्याचे काम तेव्हा चालू होते. म्हणजे १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे कुठे घरे व्हावीत, कुठे कारखाने आणि कुठे नुसती शेतीच राहावी, हे पुढच्या कित्येक वर्षांसाठी आजच ठरवायचे. आमच्या घरी उद्या भाजी कोणती करायची हे रात्री दहापर्यंत ठरत नसे. पण दिवसा मी गावेच्या गावे बिनदिक्कत ठरवीत होतो.

पहिले काम पाहणीचे. गावनकाशे आणि सातबाराचे उतारे काखोटीला मारून आम्ही निघालो. पहिल्याच गावाच्या वेशीवर एकाने विचारले, "कंच्या खात्याचं?" मी ऐटीत म्हणालो, "नियोजन!" दहा मिनिटांत गावातला एकूण एक पुरुष उसात नाहीसा झाला. आणीबाणीतली नसबंदीची मोहीम लोक अजून विसरले नव्हते, हे माझ्या ध्यानातच आले नाही. शेवटी तलाठ्याने पारावर उभे राहून "ह्ये जमिनीचं नियोजन हाय, मान्सांचं न्हाई!" अशी जाहीर ग्वाही दिली, तेव्हा एकेक जण अंग झाडत बाहेर आला.

दुसरी अडचण तक्त्याची. 'सध्याचा वापर' या रकान्यात एकच शब्द मावे. गावाबाहेरच्या एका मोकळ्या तुकड्यापाशी मी विचारले, "इथे काय असते?"

"सुगीला खळं."

मी 'शेती' लिहिले.

"मंगळवारी बाजार."

मी खोडून 'व्यापार' लिहिले.

"चैतात जत्रा, लगीनसराईत मांडव, आन् एरवी पोरं किरकेट खेळत्यात."

मी साहेबांकडे पाहिले. साहेब म्हणाले, "'पडीक' लिही." वर्षभर जिला एक दिवस उसंत नाही ती जमीन अशी कागदोपत्री पडीक झाली.

मग रंगकाम. घरांना पिवळा, कारखान्यांना जांभळा, शेतीला हिरवा. योजनेचे प्रारूप प्रसिद्ध झाले की हरकती घ्यायला कायद्याने लोकांना निदान चार महिने द्यावे लागतात. आमच्या लोकांना चार दिवस पुरले. रंगांचा अर्थ आमच्याआधी गावांना कळला होता. अर्जांचे गठ्ठे आले आणि सगळ्यांचे सार एकच : आम्हाला पिवळे करा! हिरव्या जमिनीला भाव पिकाचा, पिवळीला भाव बंगल्याचा. जमिनीचेही मुलीसारखेच, एकदा हळद लागली की ती सासरी जायचीच. फरक एवढाच की इथे हुंडा बापाला मिळतो.

पुढे २००७ साली गोव्यातल्या लोकांनी उलटी हरकत घेतली, हिरवे ते हिरवेच ठेवा म्हणून, आणि तिथल्या सरकारला अख्खी प्रादेशिक योजना मागे घ्यावी लागली. पण हिरव्यासाठी भांडणारे माणूस मला त्याच्या कितीतरी आधी भेटले होते.

सुनावणीच्या शेवटच्या दिवशी एक म्हातारी आली. नऊवारी लुगडे, हातातल्या पिशवीत घडी घालून घालून फाटलेला सातबारा. ओढ्याकाठचे सहा गुंठे. साहेबांनी सवयीने विचारले, "आजी, पिवळ्यात घालायचं ना?"

"मी कशात हाय, त्येवढं आदी सांगा."

मी नकाशा पसरला. पिवळ्या-हिरव्याची हद्द ओढ्यावरूनच जात होती. भिंग लावले. ओढ्याच्या अलीकडे पिवळा, पलीकडे हिरवा. आजी कुठेच नाही! मग उलगडा झाला. नकाशा पन्नास हजारास एक या प्रमाणाचा आणि माझी रेघ अर्धा मिलिमीटर जाड. म्हणजे जमिनीवर पंचवीस मीटर. सहा गुंठे म्हणजे साधारण पंचवीस मीटर लांब आणि चोवीस मीटर रुंद. आजींची सगळी इस्टेट माझ्या रेघेखाली झाकली गेली होती.

"आजी, तुमची जमीन रेघेत आलीय," मी ओशाळून म्हणालो.

"म्हंजी पेन्शील माज्या रानावरनं गेली म्हना की! तरी म्हनलं, यंदा मेथी पिवळी का पडली!"

साहेबसुद्धा हसले. आजी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला हिरव्यात घाला."

"पण सकाळीच तुमचा मुलगा पिवळ्यासाठी अर्ज देऊन गेला."

"म्हून तर आले. पिवळं झालं की त्यो इकनार. मंग मला शेरात न्हेनार, दुसऱ्या मजल्यावर. तितं मी काय करू? मी हाय तंवर हिरवं ऱ्हाऊ द्या. मागनं जांभळं करा न्हाईतर काळं करा."

साहेबांनी दोन्ही अर्जांवर एकाच वळणात 'नोंद घेतली' असे लिहिले. नकाशा मंजुरीसाठी पुन्हा रेखायचा झाला, तेव्हा मी विचारले, "त्या आजींचे काय करायचे?" साहेब फायलीतून मान वर न करता म्हणाले, "हद्द ओढ्याचीच. रेघ तुझी." मी ब्लेडने पेन्सिलीला सुईसारखे टोक काढले आणि ओढ्याच्या अलीकडच्या काठाला चिकटून, श्वास रोखून रेघ मारली. आजी हिरव्यात आल्या. मुलाचा अर्ज मात्र त्यानंतर बरीच वर्षे माझ्या डोळ्यांपुढून हलला नाही. त्यालाही मुलेबाळे असतीलच की.

आता नकाशे संगणकावर होतात. उपग्रहातून झाडाची सावली दिसते आणि रेघेला म्हणे जाडीच नसते. त्या ओढ्यावरून मी नंतर पुष्कळदा एस.टी.ने गेलो. पूल आला की मी दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघतो. हिरवे दिसले तरी पंचाईत, पिवळे दिसले तरी पंचाईत.

खोड मात्र लागली ती लागलीच. वाण्याची यादी लिहायची झाली तरी मी आधी टोक काढत बसतो. बायको म्हणते, "पावशेर जिऱ्याला एवढं टोक कशाला हो लागतं?" तिला काय सांगणार? अर्ध्या मिलिमीटरात मेथीचे अख्खे रान मावते.