मोड

गेल्या मे महिन्यात रामपायलीला आत्याकडे गेले होते. चंदन नदीच्या काठचे हे गाव राममंदिरासाठी प्रसिद्ध आहे. मला मात्र ते आत्याच्या न्हाणीघरातील तांब्याच्या हंड्यामुळे आठवते. माझ्या कानडी मैत्रिणी त्याला 'हंडे' म्हणतात. आजीने तो आत्याला लग्नात दिला होता.

बाबांचे दुकान बंद पडल्यापासून माझी फी थकली होती. आत्याला ते कळले तशी ती म्हणाली, "हंडा मोडीत घालू. तू हिशेब शिकतेस ना? चल बरोबर."

वारासिवनीच्या दुकानदाराने हंडा काट्यावर चढवला. अकरा किलो भरला. काजळी आणि डाग म्हणून त्याने एक किलो घट धरली. भाव कोण ठरवतो, असे मी विचारले. "वरूनच येतो, बाई," तो म्हणाला.

हे 'वर' म्हणजे लंडनचा धातुबाजार, एवढे मी शिकले आहे. पण तांबे तर याच जिल्ह्यात निघते! मलाजखंडला हिंदुस्थान कॉपरची १९८२ पासूनची खाण आहे. आतेभाऊ तिथे एका ठेकेदाराचा ट्रक चालवतो. खनिजात तांबे शेकडा एकच्या आसपास, म्हणजे अकरा किलोच्या हंड्यामागे अकराशे किलोच्या घरात दगड फोडावा लागतो. तो दळून, पाण्यात फेस काढून तांब्याची भुकटी वेगळी करतात आणि ती बाहेर पाठवतात. जिल्ह्यात ती वितळवणारी भट्टी नाही. पूर्वी ती राजस्थानात खेतडीला जाई. तिथली भट्टी २००८ साली थांबली. २०१८ मध्ये तुतिकोरिनला प्रदूषणाविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार होऊन तेरा माणसे गेली आणि तो मोठा कारखाना बंद झाला. तेव्हापासून देशात शुद्ध तांब्याची आयात निर्यातीहून जास्त आहे. भट्टी हवी म्हणावे, तर धूर कोणाच्या दारी? आमच्या बेळगावची तऱ्हाही निराळी नाही. बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना इथे होतो, धातू दुसरीकडे.

मोडीचे तांबे शुद्ध केले की नव्याइतकेच चांगले होते, हेही मला ठाऊक होते. घटीबद्दल भांडायला हवे होते. पण आत्या पाठ फिरवून उभी होती, आणि फी माझी होती. मी गप्प राहून नोटा मोजल्या.

घरी आल्यावर आत्याने चुलीवर अ‍ॅल्युमिनियमचे पातेले ठेवले. ते जुन्या चुलीच्या तोंडात नीट बसेना. तिने मला एक वीट आणायला सांगितली.