शब्दाची वाट पाहताना

संशोधनासाठी परदेशी गेलेल्या माणसांची प्रवासवर्णने आपण पुष्कळ वाचली असतील. मला ती हकीकत दुसऱ्या बाजूने ठाऊक आहे. येथे परदेश म्हणजे आमचे लोणावळे, आणि संशोधनासाठी आलेली मुलगी जपानची. मावळातील लेण्यांमधले ब्राह्मी शिलालेख हा तिचा विषय. पावसाळ्याच्या तोंडावर ती आली आणि पाच महिने आमच्या माडीवरच्या खोलीत राहिली.

लोणावळ्याला असे अभ्यासक नवे नाहीत. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली येथे कैवल्यधाम स्थापन केले. पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेतील येल विद्यापीठाचे कोवूर बेहनान योगाच्या अभ्यासासाठी येथे येऊन राहिले होते. आमच्या घरी मात्र त्या वेळी पाहुण्याचे कौतुक करण्याजोगी परिस्थिती नव्हती. वर्षभरापूर्वी यांना पक्षाघाताचा झटका आला होता. उजवे अंग अधू झाले आणि वाचाही अडखळली. समजत सारे होते, पण शब्द ओठांपर्यंत येता येता हरवत असे. तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाला ‘पाणी’ म्हणायलाही धडपडावे लागे. मी चटकन म्हणे, “पाणी ना? आणते हं.” यालाच मी सेवा समजत होते.

त्या मुलीचे दिवस साधेच होते. सकाळी टिपणे, दुपारी वाचन, पाऊस उघडला की छत्री घेऊन बाहेर. ओले कपडे चार-चार दिवस वाळत नसत, त्याचे तिला हसू येई. आमच्याकडचा इंद्रायणी तांदूळ तिला फार आवडे. त्याचा मऊ, किंचित चिकट भात खाताना घरची आठवण येते, असे ती म्हणे. संध्याकाळी ती यांच्याजवळ बसून मराठी बोलण्याचा सराव करी.

तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. हे तिच्याशी जास्त बोलत होते! कारण उघड होते. तिलाही मराठी शब्द शोधावे लागत, म्हणून दुसऱ्याच्या शोधाची तिला घाई नव्हती. ती प्रश्न विचारी आणि गप्प बसे. आम्ही घरची माणसे मात्र त्यांचे प्रत्येक वाक्य पुरे करून टाकत होतो.

दसऱ्यानंतर डॉक्टरांना विचारून आम्ही तिघे कार्ल्याला गेलो. वर लेण्यापर्यंत शेकडो पायऱ्या आहेत. त्या सगळ्या चढणे यांना शक्य नव्हते. फिजिओथेरपिस्टने शिकवल्याप्रमाणे मोजक्या पायऱ्या चढलो. चढताना आधी सशक्त पाय, उतरताना आधी अधू पाय. काठी सशक्त हातात. सोबतच्या माणसाने अधू बाजूला, चढताना एक पायरी मागे आणि उतरताना एक पायरी पुढे राहावे. मग आम्ही दोघे सावलीत बसलो आणि ती वर गेली.

ती परतली ती चैत्यगृहातील खांबांची छायाचित्रे घेऊन. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या त्या दालनातील कित्येक खांबांवर दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत धेनुकाकटाहून आलेले काही दाते स्वतःला एका विशिष्ट शब्दाने ओळखवतात. त्या अक्षरांवर बोट ठेवून तिने विचारले, “सर, हे कोण?”

यांचे ओठ हलले. “य...” पुढे काही येईना. उत्तर माझ्या जिभेवर होते. किती वेळा याच विषयावरचा त्यांचा धडा मी घरात ऐकला होता! मी बोलणार, तोच तिने हलकेच माझा हात दाबला. शेजारून ‘एकवीरा आईचा उदो’ करीत भाविक चढत होते. आम्ही तिघे थांबलो.

“यवन,” हे म्हणाले. मग पुन्हा थांबून, तिच्याकडे पाहत, “तुझ्या... सारखे. लांबून... आलेले.”

वर्षभरात मी त्यांच्या तोंडून ऐकलेले ते सर्वांत लांब बोलणे होते. माझे डोळे भरून आले. आनंदाने आणि थोडे अपराधीपणानेही.

नंतर वाचोपचारतज्ज्ञांनी हेच समजावून सांगितले. आपल्या घरी असा रुग्ण असेल, तर एका वेळी एकच छोटा प्रश्न विचारावा. बोलताना दूरदर्शन संच बंद ठेवावा. विचारल्यावर मनात दहा अंक मोजावेत. खुणेने, चित्राने, लिहून, कसेही सांगितले तरी ते बोलणेच मानावे. शब्द सुचवायचाच असेल, तर आधी ‘मी सांगू का?’ असे विचारावे. मोठ्या माणसाशी बाळाशी बोलावे तसे बोलू नये. प्रत्येकाची सुधारणा सारखी नसते. आमच्याकडेही ती धिमीच आहे.

ती मायदेशी परतली. महिन्यातून एकदा तिचा दूरध्वनी येतो. हे बोलतात, अडतात, पुन्हा बोलतात. मी शेजारी बसून तांदूळ निवडत असते आणि कितीही मोह झाला तरी मध्ये बोलत नाही.