जखमांचा हिशेब

उपरोधाला उभे राहण्यासाठी पायाखाली जमीन लागते. जे घडते आहे ते विपरीत आहे असे सुचवायचे, तर सरळ काय याविषयी सांगणारा आणि ऐकणारा यांच्यात एक अलिखित करार असावा लागतो. हा करार ज्या समाजातून नाहीसा झाला आहे, तेथे उपरोधाचे काय होते, हा प्रश्न साहित्यविचारात एरवी केवळ तात्त्विक वाटतो. १९९० नंतरच्या दशकात सर्बियातील चित्रपटकर्त्यांपुढे मात्र तो रोजच्या व्यवहारातला प्रश्न होऊन उभा राहिला. स्र्जान द्रागोयेविच यांचा 'राने' (१९९८) हा चित्रपट त्या प्रश्नाला दिलेले एक अस्वस्थ करणारे उत्तर आहे. 'राने' या सर्बियन शब्दाचा अर्थ जखमा.

ज्या काळाविषयी हा चित्रपट बोलतो, त्या काळानेच उपहासाची बहुतेक सामग्री स्वतःकडे घेऊन टाकली होती. युगोस्लाव्हिया १९९१ पासून तुकड्यातुकड्यांनी फुटत गेला. मे १९९२ मध्ये सर्बिया आणि माँटेनेग्रो यांच्यावर संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध आले. जानेवारी १९९४ या एका महिन्यात किंमती सुमारे ३१ कोटी टक्क्यांनी वाढल्या. त्याच्या थोडे आधी, १९९३ च्या अखेरीस, ५०,००० कोटी दिनारांची नोट छापली गेली होती. त्या नोटेवर चित्र होते योव्हान योव्हानोव्हिच झ्माय यांचे. झ्माय हे एकोणिसाव्या शतकातील कवी. सर्बियन मुलांच्या कित्येक पिढ्या त्यांच्या बालकविता पाठ करीत वाढल्या. मुलांच्या कवीचा चेहरा असलेली नोट हातात येते आणि काही दिवसांत तिला काही किंमत उरत नाही. एखाद्या उपहासकाराने ही कल्पना लढवली असती, तर ती फार ओढूनताणून आणलेली आहे, असा आक्षेप समीक्षकांनीच घेतला असता.

झेलिमिर झिल्निक यांनी १९९४ मध्ये याच अवस्थेचा एक वेगळा पुरावा नोंदवून ठेवला. टिटोंचा गणवेश चढवलेला एक नट त्यांनी बेलग्रेडच्या रस्त्यावर फिरवला आणि लोकांची बोलणी चित्रित केली. नाटक आहे हे सर्वांना दिसत होते. तरीही माणसे थांबत, त्या नटाला जाब विचारीत, त्याच्याकडे गाऱ्हाणी मांडीत. विडंबन हे विडंबन म्हणून ओळखूनही लोक त्याच्याशी गंभीरपणे बोलत होते, कारण गंभीरपणे बोलावे असे दुसरे ठिकाण त्यांना राहिले नव्हते.

'राने'ची रचना या पार्श्वभूमीवर पाहावी लागते. टिटो ४ मे १९८० रोजी वारले. चित्रपटाचा नायक पिंकी याचा जन्म त्याच वेळचा. बाप लष्करी अधिकारी. मुलाचे नाव टिटोच ठेवावे ही त्याची इच्छा सफल होत नाही, तेव्हा दुसऱ्या महायुद्धातील एका साम्यवादी लढवय्याचे टोपणनाव तो मुलाला देतो. अशा रीतीने एका संपत आलेल्या श्रद्धेचे ओझे घेऊनच हा मुलगा जगात येतो. १९९१ च्या शरद ऋतूत व्हुकोव्हारच्या आघाडीवर निघालेल्या रणगाड्यांचे बेलग्रेडमध्ये गर्दी स्वागत करते, तेव्हा पिंकी आणि त्याचा मित्र श्वाबा हे अकरा-बारा वर्षांचे आहेत. पुढची पाच वर्षे म्हणजे त्यांचे वाढणे. युद्ध मात्र सतत पडद्याबाहेर राहते. ते ऐकू येते, दूरदर्शन संचावर दिसते, लुटीच्या मालातून घरात येते; पण आघाडीवर चित्रपट जात नाही.

या मुलांना वडीलधारे म्हणावेत असे दोघे जण भेटतात. एक पिंकीचा बाप. मुदतीपूर्वीच निवृत्त केला गेल्यामुळे युद्धाला जायचे राहून गेले, हे त्याचे शल्य. म्हणून तो संचासमोर बसून शत्रूंना शिव्या घालतो. दुसरा शेजारचा कुरे. जर्मनीत चोऱ्या करून परतलेला हा गुंड शनिवार-रविवारी आघाडीकडे जातो तो लुटीसाठी. बापाजवळ राष्ट्र आहे, पण कृती नाही. कुरेजवळ कृती आहे, आणि राष्ट्र त्याला सोयीपुरते पुरते. मुले कुरेच्या मागे जातात यात नवल नाही. पण द्रागोयेविच यांचे मर्म असे, की या दोघांची भाषा मुळात एकच आहे हे ते हळूहळू उघड करतात. मान, अपमान, विश्वासघात, सूड हे शब्द बापाच्या तोंडी राष्ट्राविषयी येतात आणि कुरेच्या तोंडी गल्लीविषयी. टोळी ही राष्ट्रवादाची विकृती आहे, असे म्हणून सुटका करून घेण्याची सोय चित्रपट ठेवीत नाही. टोळी हे त्याच व्याकरणातले छोटे वाक्य आहे.

निवेदन पिंकीकडे सोपवण्याचा निर्णय येथे महत्त्वाचा ठरतो. उपरोधात्मक कलाकृतीत सामान्यतः कोठेतरी एक शहाणा आवाज असतो. तो नसला तरी निवेदकाच्या बोलण्यातील विसंगती आपल्याला त्या आवाजाची जागा दाखवून देते. पिंकीचे बोलणे मात्र त्याच्या जगाशी पूर्णपणे सुसंगत आहे. तो विनोदी आहे, चलाख आहे, प्रसंगी कोवळाही आहे. प्रेक्षक हसतो तो पिंकीबरोबर. आणि हसून झाल्यावर, आपण नेमके कशाला हसलो हे तपासण्यासाठी त्याला चित्रपटात कोरडी जागा सापडत नाही.

याच ठिकाणी गंभीर आक्षेप उभा राहतो. सर्बियातील तरुण प्रेक्षकांनी 'राने'ला डोक्यावर घेतले. कुरेची वाक्ये बोलण्यात रुळली. ज्या उपरोधाचे लक्ष्यच त्याचे चाहते होतात, तो फसला असे म्हणायचे काय? या आक्षेपाला चित्रपटाच्या आतच एक उत्तर आहे. 'डांबरी रस्त्याची नाडी' अशा अर्थाच्या नावाचा एक दूरदर्शन कार्यक्रम कथेत येतो. त्यात नामांकित गुन्हेगारांच्या कौतुकाने मुलाखती होतात आणि त्यात झळकणे हे या मुलांचे ध्येय होऊन बसते. ही कल्पना निराधार नव्हती. यांको बाल्याक यांच्या १९९५ च्या माहितीपटात बेलग्रेडच्या गुन्हेगारी जगातील माणसे कॅमेऱ्यासमोर मोकळेपणी बोलली होती आणि त्यांतील अनेक जण पुढे मारले गेले. 'मृत्युवार्तेत भेटू' हे त्या माहितीपटाचे नाव शब्दशः खरे ठरले. पाहिले जाणे हेच तेथे टोळीचे भांडवल आहे, हे द्रागोयेविच ओळखतात, आणि आपला कॅमेरा त्या व्यवहाराबाहेर आहे असा दावा करीत नाहीत. चाहत्यांचे पाप यामुळे धुतले जाते असे नाही. परंतु स्वतःला निर्दोष ठरवणाऱ्या उपहासापेक्षा हा उपहास अधिक प्रामाणिक आहे, एवढे म्हणावे लागते.

शेवटचा प्रसंग स्मशानात घडतो. श्वाबाने पूर्वी पिंकीवर गोळ्या झाडलेल्या असतात; पिंकी वाचतो. आता दिलजमाई करायची, तर पिंकीने श्वाबाला तितक्याच जखमा करायच्या. द्वेष येथे जवळजवळ नाही. दोघे मित्र आहेत. चुकते करायचे एवढेच. या हिशेबी शांततेतच चित्रपटाचा सर्वांत खोल उपरोध आहे. २८ जून १९८९ रोजी कोसोव्होतील गाझिमेस्तान येथे, १३८९ च्या लढाईला ६०० वर्षे झाल्याच्या निमित्ताने, स्लोबोदान मिलोशेविच यांनी प्रचंड जनसमुदायापुढे भाषण केले होते. सहा शतकांपूर्वीची जखम आजच्या राजकारणाच्या खात्यावर मांडण्याचा तो सोहळा होता. जखमा मोजायच्या, जपायच्या आणि परत करायच्या, हे मुलांना कोणी शिकवले हे चित्रपट सांगत नाही. ते सांगण्याची गरजही उरत नाही. मोठ्यांनी राष्ट्राच्या नावे जे केले, तेच या दोघांनी मैत्रीच्या नावे अक्षरशः पाळले आहे. मुले आज्ञाधारक निघाली, ही येथील शोकांतिका.

मिलोशेविच यांची सत्ता ५ ऑक्टोबर २००० रोजी कोसळली. त्यानंतर अडीच वर्षांनी, १२ मार्च २००३ रोजी, पंतप्रधान झोरान जिंजिच यांची बेलग्रेडमध्ये हत्या झाली. झेमुन टोळी आणि गृहखात्याच्या विशेष दलातील माणसे यांचा तो एकत्रित कट होता. गल्ली आणि राज्यसंस्था यांची भाषा एकच आहे, हे 'राने'ने पाच वर्षे आधी दाखवलेले होते. त्या दाखवण्याने काही टळले नाही. उपरोधाकडून टाळण्याची अपेक्षा करणे बहुधा त्याच्यावर अन्यायच करणे आहे. करार मोडलेल्या समाजात तो फार तर एक नोंद करू शकतो: हसू आले तेव्हा खोलीत कोण कोण होते, आणि त्यांत बापही होते.